पांढऱ्या काड्यांचा कौल

बुक्का लावून झाला? हार गळ्यात पडला? बरं! आता मंडळी, जरा सरसावून बसा. पूर्वरंगात आपण वाणीचा विचार केला. देवानं माणसाला जीभ कशासाठी दिली, ते पाहिलं. आता आख्यान! पण त्याआधी एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढे. ज्याला गादीवर बसायचंय, त्यानं लोकांना गोड लागेल ते बोलावं, का लोकांच्या भल्याचं बोलावं?

बोला की!

'भल्याचं!' अहाहा! पुढच्या रांगेतून कसं चटकन आलं! पण अहो, असं बोलणाऱ्याला तुम्ही मत देता का? ...आता का हो सगळे गप्प? ते खांबाजवळचे काका तर एकदम चष्माच पुसायला लागले!

असू द्या. ऐका.

फार जुनी गोष्ट. डोंगरांच्या कुशीत वेत्रपूर नावाचं एक राज्य होतं. राज्य होतं, पण राजा नव्हता! गणराज्य होतं ते. लोक आपला प्रमुख आपण निवडायचे, त्याला म्हणायचे गणाध्यक्ष. आणि निवडायचे कसे? लाकडाच्या रंगीत काड्यांनी! घरटी एक काडी. पडद्याआड जायचं, हव्या त्या रंगाची काडी आपल्या आळीच्या रांजणात टाकायची, बाहेर यायचं. कुणी टाकली, कुणाला टाकली — देवाला ठाऊक! काडी घरच्या कर्त्यानं टाकायची, आणि कर्ता लढाईवर असला तर त्याच्या आईनं नाहीतर बायकोनं. एवढं ध्यानात ठेवा.

तर या वेत्रपुराचं शेजारच्या राज्याशी युद्ध लागलं. कशावरून? सोनं? हिरे? छे हो! मिठावरून! दोन राज्यांच्या सीमेवर एक खारं तळं होतं. ते म्हणाले आमचं, हे म्हणाले आमचं. झालं! नगारे वाजले, पोरांच्या कपाळी कुंकू लागलं, नि चालली फौज. सगळे म्हणाले, 'दिवाळीला परत येतील!'

दिवाळी आली. गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. पोरं काही परत आली नाहीत. येत होत्या त्या बातम्या — अमक्याचा गेला, तमक्याचा सापडत नाही. शेतं पडीक, माग बंद. आणि मीठ? ज्या मिठासाठी लढत होते ते मीठच बाजारातून नाहीसं झालेलं! लोक अळणी आमटी खायचे नि मनातल्या मनात युद्धाला शिव्या घालायचे.

अशात म्हातारे गणाध्यक्ष पायउतार झाले. निवड आली! दोघे उभे राहिले. एक अश्वकेतु — भरदार छाती, नगाऱ्यासारखा आवाज. त्याची काडी तांबडी. दुसरा विश्रुत. मनानं चांगला, बुद्धीनं तल्लख, पण स्वभाव कसा? देवळावरच्या पताकेसारखा! वारा येईल तिकडे तोंड! त्याची काडी पांढरी.

आणि या विश्रुताचा एक सल्लागार होता, कर्णक. कानाचा मोठा तिखट! याची माणसं बाजारात, घाटावर, न्हाव्याच्या ओट्यावर बसायची. 'काय पाहुणे, कुणाचा जोर दिसतोय?' म्हणून विचारायची, नि संध्याकाळी कर्णकाला येऊन सांगायची. आपण आज सर्व्हे म्हणतो ना? तोच! फक्त टीव्हीवर आरडाओरडा नव्हता, एवढाच काय तो त्या काळाचा मोठेपणा!

कर्णक म्हणाला, "महाराज, लोक युद्धाला विटलेत. 'पोरं परत आणीन' म्हणा."

विश्रुत म्हणाला, "पोरं परत आणीन!" टाळ्या! पारडं जड!

हे पाहून अश्वकेतुही मवाळ झाला. "युद्ध थांबवू," म्हणाला, "पण मानानं थांबवू." मान म्हणजे काय, ते विचारायचं नाही! अहो, निवडणुकीतला शब्द म्हणजे पावसाळी छत्री. वारा सुटला की उलटी होते!

आणि मंडळी, वारा फिरला! निवड तोंडावर आलेली, नि सीमेवरून घोडेस्वार दौडत आला — "गड घेतला! शत्रूचा गड घेतला!" मग काय विचारता! गुलाल काय, पेढे काय! काल अळणी आमटीवर रडणारे आज चौकात ओरडताहेत, "आता थांबायचं नाही! राजधानी घ्या!" अश्वकेतुनं छातीवर हात मारला, "राजधानीवर झेंडा लावीन!"

त्याच वेळी शत्रूकडून निरोप आला होता बरं का! "तळं निम्मं तुमचं, निम्मं आमचं. पुरे करा." पण पेढा तोंडात असताना निरोप कोण ऐकतो?

कर्णक धावत विश्रुताकडे आला. "महाराज, बुडालो! सगळा बाजार युद्धाच्या बाजूनं गेला. तुम्हीही बदला!"

"आता? परवापर्यंत तर 'पोरं परत आणीन' म्हणत होतो!"

"त्यात काय? म्हणा, 'जिंकून परत आणीन!' एक शब्द तर वाढवायचा. आणि उद्याच्या सभेत धारिणीबाईंना शेजारी बसवा. मग बघा!"

या धारिणीबाई कोण? दोरखंडं वळून विकणारी एक विधवा. तीन मुलगे, तिन्ही लढाईवर! फौज निघाली तेव्हा वेशीत उभी राहून म्हणाली होती, "चौथा असता तर तोही दिला असता!" तेव्हापासून सगळं नगर तिला वीरमाता म्हणायचं. येणारा-जाणारा पाया पडायचा.

विश्रुत दुपारी तिच्या घरी गेला. ओट्यावर शेजारीपाजारी जमलेच. ती सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "या, या! युद्ध जिंकायलाच हवं! माझी पोरं मागं हटायची नाहीत!" लोक म्हणाले, "वाहवा!"

मग तिनं त्याला आत नेलं. दार लोटलं. आणि ही वीरमाता — मंडळी, ही वीरमाता मटकन खाली बसली! आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा कोंबला, नि असं रडली, असं रडली!

विश्रुत घाबरला. "आई, काय झालं?"

"दादा, माझी पोरं परत आण."

"पण आत्ता तर बाहेर तुम्ही..."

"बाहेर काय बोलू? लोक पाया पडतात रे माझ्या! माझा धाकटा अंधाराला भितो. अजून भीत असेल. हे मी कुणाला सांगू? सांगितलं तर शेजारीण म्हणेल, हिचं काळीज कच्चं. आणि ती शेजारीणसुद्धा चुलीपुढे रडते. मला भिंतीतून ऐकू येतं! मी तिचं ऐकते, ती माझं ऐकते. आणि सकाळी पाणवठ्यावर दोघी म्हणतो, युद्ध हवंच!"

कर्णकाची माणसं बाजारभर फिरली होती, पण भिंतीला कान लावून कुणी ऐकलं होतं?

ती म्हणाली, "उद्या येईन मी तुझ्या सभेला. तुला काय बोलायचं ते बोल. मी तुला काही मागत नाही. पण दादा, बोलताना माझ्याकडे बघून बोल. एवढं कर."

रात्रभर बिचाऱ्याला झोप नाही! एका कानात कर्णक, दुसऱ्या कानात ते दाबलेलं रडणं. अहो, सोपं होतं का? गादी हाताशी आलेली! एक शब्द वाढवायचा, बस! तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ...नको, सांगू नका. देवाच्या दारात उगाच खोटं बोललं जाईल!

सभा भरली. मैदान फुललेलं. धारिणीबाई मंचावर. कर्णक खालून खुणा करतोय — 'जिंकून! जिंकून म्हणा!' विश्रुत उठला. लोकांकडे पाहिलं. मग त्या म्हातारीकडे पाहिलं. आणि तोंडातून निघालं —

"लोकहो, मी युद्ध थांबवीन. जिंकून नाही. आज आहे तिथंच. तळं निम्मं त्यांचं, निम्मं आपलं. निरोप आलाय, तो मी घेईन."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले!

मग मागून कुणीतरी ओरडलं, "भेकड!" झालं, ठिणगी पडली! "देशद्रोही! खाली बस!" एक शेणाचा गोळा आला, विश्रुताच्या छातीवर फुटला. कर्णकानं कपाळावर हात मारला नि गर्दीत जो गडप झाला, तो आजतागायत सापडला नाही!

लोक धारिणीबाईंना म्हणाले, "आई, तुम्ही उतरा! या भित्र्याशेजारी बसू नका!"

साऱ्या नगराचे डोळे तिच्यावर. आता ही काय करते? विश्रुतानं तिचं नाव घेतलं नव्हतं. दाराआडचा शब्द ओठाबाहेर काढला नव्हता. ती खुशाल उतरून जाऊ शकत होती. वीरमातेची वीरमाता राहिली असती!

ती उठली नाही.

बोललीही नाही. नुसती बसून राहिली. लोक शिव्या देत पांगले, तरी बसून राहिली. पदराच्या टोकानं विश्रुताच्या छातीवरचं शेण पुसलं. आणि मैदानाच्या कडेला एक बाई बसली. मग दुसरी. ती शेजारीणही आली नि बसली. कुणी कुणाशी बोललं नाही. दिवेलागणीला उठून आपापल्या घरी गेल्या.

निवडीचा दिवस उगवला. बाजार म्हणत होता, विश्रुताला घरच्यांचीसुद्धा काडी पडायची नाही! रांजण उपडे केले. मोजता मोजता मोजणाऱ्यांच्या कपाळाला घाम! एकदा तांबड्या पुढे, एकदा पांढऱ्या पुढे. शेवटी... कोण जिंकलं असेल?

'विश्रुत!' म्हणालात ना? नाही मंडळी. अश्वकेतु जिंकला! पण कसा? अगदी केसभर! ओंजळभर काड्यांनी!

विश्रुत घरी आला, पागोटं खुंटीला लावलं, बायकोला म्हणाला, "हरलो." ती म्हणाली, "बरं झालं. आता जेवायला तरी वेळेवर याल!" तो हसला. खरंच हसला हो! तीन वर्षांत पहिल्यांदा घास गोड लागला. गादी गेली, पण मानेवरचं जोखड उतरलं. उद्या वारा कुठून येतो, ते बघायची कटकट मिटली!

तोच दारात अश्वकेतु! एकटा. हार नाही, नगारा नाही.

"विश्रुता, मी जिंकलो. पण झोप गेली माझी."

"का रे बाबा?"

"ज्या घरांतली पोरं लढाईवर आहेत ना, त्या आळ्यांचे रांजण मी स्वतः बघितले. पांढरे! तळापर्यंत पांढरे! राजधानीवर झेंडा म्हणून ओरडत होते ते कोण? ज्यांची पोरं घरात होती ते! ज्यांच्या जिवावर लढायचं तीच घरं नको म्हणतात, तर मी लढू कुणाच्या जिवावर?"

विश्रुतानं त्याच्यापुढे पाट सरकवला.

"माझ्या तोंडून तह निघाला तर लोक माझ्यावर थुंकतील. पण थुंकू देत. तू शेण झेललंस, मी थुंकी झेलीन. बोलणी करायला तू जा. जाशील?"

"जाईन म्हणजे काय! घोडा तयार करायला सांग!"

अहो, हा हरलेला माणूस जिंकलेल्याच्या आधी उंबऱ्याबाहेर!

तह झाला. तळं वाटून घेतलं. आणि एका सकाळी वेशीवर धूळ दिसली. नगारे नाहीत, काही नाही, नुसती पायांची नि गाड्यांची धूळ. बायका धावल्या. धारिणीबाईला शेजारणीनं हाताला धरून नेलं. थोरला आला. मधला आला, त्याचा एक हात मनगटापासून गेलेला, पण आला! धाकटा दिसेना. म्हातारीचा जीव कासावीस. एवढ्यात मागच्या गाडीतून कुणीतरी उडी मारली, "आई, मी इथं आहे गं!" वीरमातेनं सगळ्या नगरादेखत हंबरडा फोडला! आणि कुणी तिला कच्च्या काळजाची म्हटलं नाही. कारण शेजारचीही रडत होती, पलीकडचीही रडत होती, नि काल 'भेकड' म्हणून ओरडणारा गडीसुद्धा भाच्याला मिठी मारून ढसाढसा रडत होता!

वाजवा पेटी!

*खरे बोलोनिया हरला जो वीर ।*
*तयाचे मंदिर देव झाडी ॥*

हरला! पण त्याच्या घरचा केर देव काढतो!

आता शेवटचं ऐका, मंडळी. पुढारी वाऱ्याबरोबर फिरतात म्हणून आपण नावं ठेवतो. ठेवा! पण तो वारा कुणाच्या तोंडचा? तुमच्या-आमच्या! पारावर एक बोलतो, चुलीपुढे दुसरं. 'लोक काय म्हणतील' म्हणून सगळेच एक खोटं बोलतो, आणि तेच लोकमत होऊन बसतं! मग त्यात दुसऱ्यांची पोरं मरतात.

उद्या कुणी येईल, विचारील, 'काय पाहुणे, तुमचं काय मत?' तेव्हा डावीउजवीकडे बघू नका. मनात असेल ते सांगा. पहिल्यांदा जड जाईल. पण तुम्ही बोललात ना, की शेजारचा हळूच म्हणेल, 'अहो, माझंही तेच होतं!'

एवढं बळ त्या पांडुरंगाकडे मागू या, आणि त्याचं नाव खणखणीत घेऊ या. एकानं नाही, सगळ्यांनी! आणि हो, शेजाऱ्याकडे न बघता!