शेवटच्या रोल नंबरची पोरगी

अगं, पहिलं खटकलं ते एवढंच, की रोल नंबर एक पहिला आलेला, दोन दुसरा, तीन तिसरा. आधीच मी भूकंपाच्या वर्षात जन्मलेली, पंखा हलला तरी दचकते. लातूरच्या क्लासचा निकाल मी सरांच्या ग्राफवाल्या कॅल्क्युलेटरवर लावायचे. त्यात रोल नंबरांची एक लिस्ट, मार्कांची वेगळी. मी मार्क तेवढे उतरत्या क्रमानं लावले, रोल नंबर जागेवरच राहिले! शेवटचा रोल नंबर उशिरा आलेल्या नायगावच्या सुनीताचा. खरी पहिली तीच होती, आणि बोर्डावरच्या यादीत मी तिला शेवटची लावलेली.

बोर्डाकडे पळाले, तर शिपाईमामा म्हणाले, "सुनीताला वडील घेऊन गेले की. म्हनले, लई झालं शिक्षण, चल घरी."

मी तिच्या वडिलांना फोन लावतच राहिले. शेवटी उचलला.

"हळू बोला म्याडम. रडून रडून आत्ता कुठं झोपलीय पोरगी."