तीन कोपऱ्यांचं गोल

नाही, पण मला सांगा, कारखान्यात रूळ गोल आहेत की नाहीत हे तपासण्यात ज्याची एकतीस वर्षं गेली, त्याला त्याच्याच पोरीनं जेवणाच्या टेबलावर विचारावं, 'बाबा, गोल म्हणजे काय?' अहो, गोल म्हणजे काय, हे मला विचारता? म्हटलं, 'कुठूनही मापा, जाडी सारखी भरली की गोल!'

ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरातही आम्ही सगळे चौथी ब! हसली, आणि पिशवीतनं तीन लाकडी रूळ काढले... कसले? त्रिकोणी! बाजू जरा फुगलेल्या, पण कोपरे चांगले तीन! ते आडवे ठेवले, वर फळी, फळीवर काठोकाठ भरलेला पेला. 'ढकला.' बायको आतून ओरडते, 'अहो, टेबलावरचं कापड कालच धुतलंय!' ढकलली... तुम्हाला सांगतो, थेंब सांडला नाही! खाली रूळ कोलांट्या खातायत आणि वर फळी अशी सरळ, मुकाट चाललीये, जणू तिच्या गावीच नाही!

'मधोमध आस घालून गाडीला लावलं तर उड्या मारेल, बाबा. पण नुसतं फळीखाली घरंगळलं तर नाही. प्रत्येक कोपऱ्यावर कंपासचं टोक ठेवून समोरची बाजू काढलीये, म्हणून जाडी सगळीकडे सारखी.'

मी जाडी मापायचा माझा जुना व्हर्नियर आणला. लावला. चाळीस मिलिमीटर. फिरवून लावला. चाळीस. चाळीस, चाळीस, चाळीस... आणि कोपरे तीन! गोल म्हणजे काय, हे मला... आणि तिथेच व्हर्नियर खाली ठेवला हो.

कारण आमचा एक टर्नर होता. लेथवर रूळ कातणारा जुना माणूस. एकदा रूळ घेऊन आला, बोटांत फिरवत म्हणाला, 'साहेब, हा गोल नाही. हाताला लागतंय.' मी चार जागी मापला, चाळीस भरला, आणि सगळ्यांदेखत म्हणालो, 'रूळ गोल आहे, तुमचे हात थकलेत!' वर तसा शेराही मारला. त्याला लेथवरून काढून गोदामात बसवला. आठ वर्षं! निवृत्त होईपर्यंत!

दुसऱ्या दिवशी पोरीचा रूळ खिशात घालून त्याच्या घरी गेलो. दारातच म्हणालो, 'डोळे मिटा.' हातात दिला. त्यानं एकदाच फिरवला. 'तीन कोपरे.'

'चुकलं माझं,' म्हटलं.

आतून त्याची बायको म्हणाली, 'आठ वर्षं हे घरी येऊन पोळपाटावर बोटं फिरवत बसायचे. म्हणायचे, बघ गं, खरंच थकलेत का?'

गोल म्हणजे काय, हे मला विचारता? नका विचारू.

मग तो म्हणाला, 'साहेब, आत या. शिकवतो.' आता दर रविवारी जातो. डोळे मिटून, बोटांनी ओळखायचं. परवा त्यानं हातात काहीतरी बारीक दिलं. मी दहा वेळा फिरवलं, नीट विचार केला, आणि छातीठोकपणे म्हणालो, 'गोल!'

'साहेब,' तो म्हणाला, 'पेन्सिल आहे. सहा कोपरे.'

... करता काय! पुढच्या रविवारी पुन्हा पेन्सिलच आहे.