सुनेची अक्कलदाढ

बायकांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या.

"गालावर हात ठेव. समोर आपल्या मजल्यावरची मास्तरीणबाई बसलीय."

"आई, गाल नाही दुखत. पोटात कळा येताहेत."

"ते मला ठाऊक आहे गं. पण सगळ्या बिल्डिंगला मी 'सुनेची अक्कलदाढ काढली' म्हणून सांगून बसलेय."

"म्हणून तर गर्भपाताच्या दुसऱ्याच दिवशी मला धुण्याच्या बादल्या उचलायला लावल्यात."

"दाढ काढलेली सून झोपून राहिली, तर लोक काय म्हणतील?"

"आई, अंगात ताप आहे. रक्त थांबत नाहीये."

"हळू बोल! डॉक्टरीणबाईंनाही आधी दाढेचंच सांगू. हुशार आहेत त्या, ओळखतील आपोआप."

तेवढ्यात नर्स आली. "काय त्रास होतोय?"

"दाढ हो, सिस्टर..."

सुनेनं गालावरचा हात काढला. "माझा गर्भपात झालाय. ताप भरलाय, तासाभरात पॅड भिजतोय."

"अहो, मग बसून काय राहिलात?"

समोरची मास्तरीणबाई उठली. "आता माझा नंबर आहे, तो हिला द्या. लवकर न्या तिला, काकू. माझीही दाढ अशीच चिघळली होती."