जाळीच्या वरच्या अंगाला

पुन्हा? पुन्हा पहिल्यापासून सांगू? अहो मॅडम, परवा तुमच्या नगरपालिकेच्या ऑफिसातला तो चष्मेवाला येऊन गेला, त्याच्यापुढे घसा कोरडा होईस्तोवर बोललो – आणि आज तुम्ही कोरा कागद घेऊन हजर! मग त्यानं काय लिहिलं? कान खाजवत होता नुसता. बरं, बसा. त्या खुर्चीवर नको, ती माझी, तिचा एक पाय मोडका आहे, तिला फक्त माझं वजन कळतं. स्टुलावर बसा. आणि ती पाण्याची बाटली हातातच धरा – खाली टेकवाल, विसराल, वाऱ्यानं जाईल नाल्यात, आणि मग काढणार कोण? मीच. म्हणजे या जाळीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे राहिली तर मीच. त्याचीच चौकशी ना ही? माहीत आहे. शाळेत दोनच यत्ता शिकलो म्हणून काही एवढंही कळत नाही असं नाही.

तर लिहा. एकतीस वर्षं ही जाळी माझ्याकडे. नाला वस्तीत शिरतो त्याच्या तोंडाशी ही. अडकेल ते दाताळ्यानं ओढायचं, गोणीत भरायचं, गोणीचं तोंड बांधायचं, गाडी आली की द्यायचं. जाळी तुंबली की पाणी सरळ शेजारच्या गल्लीत – म्हणून हात थांबवायचा नाही. बांधायची गाठसुद्धा माझी स्वतःची, दोन वेढे आणि एक उलटा फास. हत्तीनं ओढली तरी सुटायची नाही. अख्ख्या गावात ती दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे पण लिहा.

पूर्वी कसं होतं – जाळीत काय आलं त्यावरून मी घर सांगायचो. ही चप्पल दाताच्या डॉक्टरांच्या सासूची, हा डबा पोस्टमनचा. धुऊन नेऊन दारात टांगायचो. लोक शिव्या घालायचे, पण पुन्हा टाकायचे नाहीत. आणि मग ती साथ आली. सगळ्यांचं तोंड एकच, निळं! कुणाचा मास्क कुणाच्या दारात टांगू? तरी दोन-चार टांगले. एका बाईनं काठी घेतली माझ्यावर – ती पण सहा फुटांवरून, नियम पाळून. आणि ते हातमोजे! पहिल्या दिवशी जाळीतून पाच बोटं वर आली, फुगलेली, हलत होती – मी दाताळं टाकून पळालो. पळालो नाही, भराभर चाललो. नंतर सवय झाली. हात, तोंडं, ते पारदर्शक पडदे, प्लास्टिकचे कोट – रोज अख्खा माणूस जुळवता आला असता, फक्त आत माणूस नाही.

कोट म्हटलं की दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, गल्लीत तिसरं घर. शिंपी. शाळेचे गणवेश शिवायचे, शाळा बंद पडल्या, मग दवाखान्याला ते प्लास्टिकचे कोट शिवायला लागले. शिवले, चांगले शिवले, मी नाही म्हणत नाही. बहिणीनं मला कापडी मास्क शिवून दिला – माझे कान मोठे म्हणून नाडी जास्तीची लावली. लहानपणी याच कानांना धरून झोपायची. हा बघा, खिशात आहे, साथ गेली तरी आहे. मी नाही टाकला नाल्यात.

आता गल्लीत पाणी शिरलं त्या दिवसाचं. भर दुपारी ढग फुटला. मी इथंच होतो, दाताळं हातात, हे खरं लिहा. बघता बघता जाळी बंद! एक गोण नाही, दहा नाहीत, शंभर-दीडशे गोण्या, धाडधाड येऊन बसल्या, एकावर एक. पाणी चढलं आणि गल्लीत घुसलं. बहिणीच्या घरात गुडघाभर. शिलाईच्या दोन्ही मशिनी पाण्यात. मी एक गोण ओढून काढली, फाटलेली, आत निळ्या प्लास्टिकचे तुकडे – झालं! डोकं फिरलं. तीच गोण नेली आणि दाजींच्या दारात टांगली, अख्ख्या गल्लीसमोर. म्हटलं, दाजी, बघा तुमची कातरणं, बहिणीचं घर तुम्हीच बुडवलंत! मान देऊनच बोललो हं, अहो-जाहो सोडलं नाही.

दाजी बाहेर आले. लुंगी गुडघ्यापर्यंत ओली. गोणीकडं बघितलं नाही, गाठीकडं बघितलं. म्हणाले, “मेव्हणे, ही गाठ कुणाची?” मग म्हणाले, “नाला तुम्हीच तुंबवलात.” सगळ्यांसमोर! बहिणीसमोर! ती नुसता पदर पिळत राहिली.

आता तुम्हीच सांगा, गोण्या मी बांधल्या म्हणून नाला मी तुंबवला? ती तर माझी मेहनत! साथीत गाडी यायची बंद झाली, दवाखान्याचा कचरा वाटतो म्हणून कुणी हात लावेना. मग मी रोज भरून नीट थप्पी लावून ठेवत होतो काठावर, दोन वर्षं. कुठं म्हणजे? त्या तिथं, झाडाखाली. हो, जाळीच्या वरच्या अंगाला. अहो, खालच्या अंगाला माझी खुर्ची आहे ना! वास कुणी घ्यायचा? आणि वारा त्याच बाजूनं... दोन वर्षं एक गोण हलली नव्हती मॅडम. आता पाणी वरून खाली येतं हे मला कळत नाही का, एकतीस वर्षं नाल्यावर...

काय लिहिलंत? वरच्या अंगाला? खोडा ते. त्या चष्मेवाल्यानं विचारलंच नव्हतं.

बरं, राहू द्या. लिहिलंत ते लिहिलंत.

पुढचं पण लिहा मग. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस मी त्यांच्या ओट्यावर बसून दोन्ही मशिनी खोलल्या. चिखल काढला, एकेक दात पुसला, तेल घातलं. दाजी समोर बसून. मी हात पुढं करायचो, ते पेचकस द्यायचे. मी हात पुढं करायचो, ते चिंधी द्यायचे. तिसऱ्या दिवशी मशीन चालली तेव्हा बहीण आतून म्हणाली, “दादा, चहा टाकलाय.” मी म्हटलं, नको. म्हणजे प्यायलो, पण आधी नको म्हटलं.

एवढंच. आता निघा, मला जाळी बघायची आहे, किल्ली जाईल तेव्हा जाईल. बाटली घेतलीत? घेतलीत. आणि तो खाली “शेरा” लिहिलाय ना, तिथं मोकळी जागा दिसतेय, तिथं ठळक अक्षरात लिहा – की कुणाची काय चूक असेल ती असो, पण भर गल्लीत जे बोलले, त्याची माफी अजून मागितलेली नाही. कुणी म्हणजे?

दाजींनी.