दहाव्याला मांडलेली खुर्ची

आता विचारलंच आहे, तर सांगतो. गाडीवरून पडल्यावर माझा गुडघा आखडला होता. टाचेला टॉवेल अडकवून पाय रोज अंगाकडं ओढायचा, असं फिजिओच्या मॅडमनी सांगितलं होतं. दुखायचं म्हणून मी टाळायचो, मग दादाच ओढायचा. एकदा मी चांगल्या पायानं त्याला लाथ मारली. "माझा पाय हाय, तुला काय करायचंय?" त्यानं टॉवेल ठेवून दिला.

महिन्याभरात दादाच अटॅकनं गेला. दहाव्याला गुरुजी म्हणाले, "मांडी घालून बसा." गुडघा वाकेना. शेवटी खुर्ची आणली.

मामा म्हणाला, "आरं, भावासाठी जरा तरी वाकव की."

मी म्हणालो, "डॉक्टरांनीच वाकवू नको म्हणून सांगितलंय."

वहिनीला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "व्हय मामा, माझ्यासमोरच सांगितलंय."