घरची यादी

बहीण — हळू बोल, बाबांचा आत्ताच डोळा लागलाय. निम्मी डिस्क रिकामी दिसतेय, आणि जागा नाही म्हणतोस?

भाऊ — जागा आहे, ताई. आयनोड संपलेत.

बहीण — हे बघ, पाच दिवस इथे बसून त्यांचा एकेक शब्द रेकॉर्ड केलाय मी. बटण दाबलं की मशीन त्यांच्याच आवाजात बोलेल म्हणून. मला कळेल असं सांग.

भाऊ — प्रत्येक फाईलला एक आयनोड लागतो. रजिस्टरमधली एक ओळ समज. फाईल तासाभराची असो की एका शब्दाची, ओळ एकच. किती ओळी, ते डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. मी चार हजारच आखल्या, आणि इथे एकेका शब्दाची वेगळी फाईल झाली.

बहीण — का पण?

भाऊ — मोठ्या फायलींची सेटिंग दिली. बाबा एकदा सुरू झाले की तासभर थांबत नाहीत, म्हटलं मोजक्याच लांबलचक फायली होतील. आपोआप येतं ते तसंच ठेवलं असतं, तर दहा लाख ओळी होत्या. मला नको ते शहाणपण सुचलं.

बहीण — मग वाढव आता.

भाऊ — वाढत नाहीत गं. नवी डिस्क करीन. पण काल साठलंच नाही, ते कुठून आणू?

बहीण — काल तर दर शब्दाला हिरवा दिवा लागत होता!

भाऊ — तो माईकचा. साठवल्याचा नव्हे.

बहीण — काल म्हणजे... घरची यादी?

भाऊ — अख्खी.

बहीण — नावं त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती रे. आधी पाणी, उशी, खिडकी उरकू म्हणाले, नावं निवांत घेऊ. आईचं, तुझं. माझं 'चिमणे' तर तीनदा म्हणाले, मनासारखं येईना म्हणून.

भाऊ — पाणी आहे. उशी आहे. 'पंखा कमी कर'सुद्धा आहे.

बहीण — फोनमध्ये कुठे काही?

भाऊ — फोनवर ते नाव कधी घेतात? 'हं, बोल' एवढंच.

बहीण — दुसऱ्या शब्दांतून कापून जोडलं तर?

भाऊ — अक्षरं जुळतील. हाक नाही होणार.

बहीण — आणि सकाळी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. एक दिवस आधी कळलं असतं रे, एक दिवस!

भाऊ — शिव्या दे मला.

बहीण — देऊन काय होणार?

(बाबा जागे होतात. खुणेने पाटी मागतात, सावकाश लिहितात.)

भाऊ — काय म्हणतायत?

बहीण — 'मशीन इकडे दे. त्यात "पाणी" आहे ना, तेवढं पुरे. आणि चिमणे, डोळे मीट. हाक मारतो.'