काम संपलं की प्लग

“आजपासून अख्खं जग माझ्या बोटांच्या टोकावर, वन्सं!”

“आधी त्या बोटाला मलम लाव. सकाळी इस्त्रीने भाजलंय.”

प्रशिक्षण केंद्राचा शिपाई दाराशी स्टुलावर डोळे मिटून बसला होता. कान मिटायची सोय नव्हती. समोरच्या बाकावर या नणंद-भावजया. संगणकाच्या परीक्षेचा निकाल लागायचा होता, आणि पास होईल तिला दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी होती.

“मागच्या परीक्षेसारखं काही केलं नाहीस ना?”

“मी काय केलं? टायपिंग झालं, प्लग काढला. इतकी वर्षं इस्त्रीच्या टपरीवर उभी आहे. काम संपलं की पहिला प्लग!”

“अगं, अख्ख्या रांगेचा काढलास!”

“सगळ्यांची वीज एकाच भोकातून येते, हे मला काय ठाऊक? मॅडम अशा किंचाळल्या, की घाबरून मी वायरसुद्धा नीट गुंडाळून ठेवली.”

“कमाल आहे बाई तुझी! आणि आज?”

“आज टायपिंग संपल्याबरोबर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मॅडमनी स्वतः येऊन सेव्ह केलं. म्हणाल्या, ‘आता उठा, आणि भिंतीपासून लांब राहा.’”

इतक्यात दार उघडून मॅडमनी डोकं बाहेर काढलं.

“इस्त्रीवाल्या ताई, पास! सोमवारी दवाखान्यात हजर व्हा.”

“वन्सं, ऐकलंत?”

“ऐकलं गं, माझी गुणाची! आता तू खुर्चीत बसणार, पंख्याखाली. लोक तुला मॅडम म्हणणार.”

“इश्श! काही सांगायचंय का? अशा का बघताय?”

“जरा ऊठ ना. मघापासून माझ्या पदरावर बसली आहेस.”